ताईचे हात, दोघींचे पाय

लिहायची मला सवय नाही. पण ताईबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं, आणि कुणीच लिहिलं नाही.

माझी ही थोरली बहीण ॲथलेटिक्स क्लबात धावपटूंना मालिश करायची. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली बुटकी खोली, मधोमध रेक्झिनचं टेबल, कोपऱ्यात तेल कोमट करायची शेगडी. निवृत्तीनंतर मी तिथे टॉवेल धुऊन घड्या घालायचो. ताईचा नियम एकच: टेबलावर हाताला जे कळलं, ते दाराबाहेर जाणार नाही. मलासुद्धा सांगायची नाही.

क्लबात शंभर मीटरच्या दोघी होत्या. वाघीण आणि बारकी. वाघिणीकडे राष्ट्रीय स्पर्धेची चार विजेतेपदं, बारकीकडे एकच. पण दोघी समोरासमोर धावल्या, की बहुतेक वेळा बारकीच पुढे. कँटीनमध्ये यावरून रोज जुंपायची.

"मोठ्या दिवशी जिंकते ती मोठी."

"आणि एरवी काय झोपा काढते?"

त्या वर्षी परदेशातल्या स्पर्धेसाठी एकच जागा आली. वाघिणीच्या वयाला ही शेवटचीच संधी. निवड समितीत निम्मे विजेतेपदं मोजणारे, निम्मे आमनेसामने लढती. काही ठरेना, तेव्हा अध्यक्ष स्वतः खोलीत आले.

"ताई, दोघींचे पाय तुमच्या हातात असतात. सध्या कुणाचे चांगले आहेत, एवढंच सांगा."

"माझे म्हणाल तर दुखताहेत," ताई म्हणाली.

अध्यक्ष हसत परत गेले. ताई हसली नाही.

संध्याकाळी वाघीण टेबलावर पालथी झाली. "ताई, तुम्ही त्यांना काही बोललात?"

"नाही. बोलणारही नाही. पण मांडीमागचा स्नायू फाटलाय तुझा. हा पाय मी पळण्यासाठी तयार करणार नाही. बरा करायला ये, कधीही."

"पुढच्या वेळी मला कोण विचारणार?"

"कुणी नाही," ताई म्हणाली. खोटा धीर देणं तिला कधी जमलं नाही. "पण तिथे अर्ध्यात बसलीस, तर जागा तुझीही गेली आणि तिचीही."

मी एकाच टॉवेलची घडी मोडत होतो, घालत होतो. मग वाघीण उठली आणि अनवाणीच समितीच्या खोलीकडे गेली. दुखापतीचं तिने स्वतःच समितीला सांगितलं, म्हणून तर आज मला हे लिहिता येतंय.

बारकी गेली, अंतिम फेरीपर्यंत पोचली. मोठी कोण, हा वाद कँटीनमध्ये अजून मिटलेला नाही. ताईला कुणी छेडलं तर म्हणायची, "तेल दोघींना सारखंच लागायचं."

मला मात्र त्या संध्याकाळनंतरची सकाळ आठवते. वाघीण नेहमीच्या वेळी आली, टेबलावर पालथी झाली. ताईने मांडीवर हात ठेवला.

"हळू हं, ताई. दुखतंय."

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणालीस," ताई म्हणाली, आणि मला शेगडी पेटवायला सांगितली.