सीतादह्यातला वाटा

केमोचे दोन डोस बाकी असताना मी सीतादह्याला वावरात जायचा हट्ट धरला. नवऱ्याने अडवून पाहिलं, पण डोक्याला रुमाल बांधून घरात बसायचा मला वीट आला होता. कापसाच्या पहिल्या वेचणीला दहीभाताचा नैवेद्य दाखवून तो पऱ्हाटीवर शिंपडायचा मान माझा. तो मी जावेला देणार नव्हते.

हौसेने थोडा कापूसही वेचला. बोंडांची वाळलेली टोकं बोटांना ओरबाडतातच. मारेगावात त्याचं कुणाला काय कौतुक? नैवेद्य झाल्यावर हाताला लागलेला दहीभात आमच्या तांबड्या कुत्र्याने चाटून साफ केला. दरवर्षीचा त्याचा वाटाच तो. शिवाय कुत्र्याने चाटलं की जखम लवकर भरते, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात.

एक-दोन दिवसांत मी तापाने फणफणले. यवतमाळच्या डॉक्टरबाईंनी माझी बोटं बघितली आणि घरात कुत्रा आहे का, विचारलं. निरोगी कुत्र्याच्याही तोंडात जंतू असतात. धडधाकट माणसाला ते सहसा बाधत नाहीत, पण प्रतिकारशक्ती खालावलेली असली की साध्या ओरखड्यातून रक्तात शिरतात, असं त्यांनी समजावलं. वेळेत नेलं म्हणून औषधांनी ताप उतरला. मी भ्याले होते, खोटं कशाला बोलू.

नवरा मात्र कुत्र्यावर खार खाऊन होता. "त्याले उमरखेडले बहिणीकडे नेऊन सोडतो," तो म्हणाला.

"मंग मलेही तिथंच सोडा." खाटेपाशी येऊन सुस्कारे टाकणाऱ्या पाहुण्यांपेक्षा पायाशी पडून राहणारा तो मुका जीव मला बरा वाटायचा.

शेवटी डॉक्टरबाईच मध्ये पडल्या. कुत्रा राहू द्या म्हणाल्या, फक्त चाटू देऊ नका, त्याच्या लसी चुकवू नका आणि त्याला हात लावला की साबणाने धुवा. नवऱ्याने तोंड वाकडं करत ऐकलं.

यंदा केस परत आलेत, तेही कुरळे. दहीभात शिंपडून मी हात धुवायला गेले. कुत्रा वावराच्या कडेला, धुऱ्यावर शेपटी हलवत बसला होता. नवऱ्याने डब्याच्या झाकणात दहीभात काढला आणि त्याच्यापुढे सरकवला.

"घे. तुयी मालकीण बरी झाली."

तपासण्या चांगल्या आल्या तरी दृष्ट लागेल म्हणून त्याने हे कधी माझ्यापुढे उच्चारलं नव्हतं. सांगितलं ते आधी कुत्र्याला.