कोरडे बूट

साठ सालाच्या आसपास मी पलीकडच्या वाडीतल्या चर्चमध्ये ‘ख्रिस्ती माणूस आणि सार्वजनिक जीवन’ या विषयावर भाषण ठोकायला निघालो होतो. भाषण तोंडपाठ, बूट नवे. पावसाळ्यात वाहून गेलेला व्हाळावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा लाकडी पूल, गावकरी पुन्हा बांधायला जमले होते. नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणे चालले होते आणि दर वाक्याला सगळे “व्हय महाराजा” म्हणत होते. त्यांच्यात गळ्यात क्रूस असलेला एक उघडाबंब म्हातारा टोपी छातीशी धरून गप्प उभा होता. गाऱ्हाणे संपताच त्याने क्रुसाची खूण केली आणि सगळ्यांच्या आधी तो पाण्यात शिरला.

मी काठावरूनच विचारले, “हे आपल्या धर्मात चालतं?”

कमरेभर पाण्यातून तो म्हणाला, “ते त्येंच्या देवाक सांगतत, मी माझ्या. साकव मातर एकच आसा. जरा हो वासो धरा बगया.”

वासा धरावा की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला. तोवर साकव बांधून झाला. त्यानेच मला हात देऊन पलीकडे नेले.

भाषण तासभर रंगले. ख्रिस्ती माणसाने आता काठावर बसून चालणार नाही, असे मी टेबलावर मूठ आपटून सांगितले. बूट शेवटपर्यंत कोरडे होते.