सुखदेवचा खांदा

पोस्टिंग डोंगरावर आली तेव्हा आमच्या बँडमध्ये लिहिलेलं म्युझिक वाचणारा एकच माणूस होता. बँडमास्तर, सुभेदार जॉन साहेब. बाकी आम्ही सगळे ऐकून वाजवणारे.

मी कोपरखैरण्याचा, गावठाणातला. सेक्टर नंतर आले. शाळा चौथीपर्यंत. हळदीला, लग्नाला कॉर्नेट वाजवायचो, त्यावरच भरती झालो. सोसायटीतली माणसं म्हणतात, काका, लढाईचं सांगा, गोळीबाराचं सांगा. मी गोळ्या फार झाडल्या नाहीत. लढाईत बँडवाल्याचं काम वेगळं असतं. वाद्यं पेटीत बंद करायची आणि स्ट्रेचर उचलायचं. जखमी माणूस खाली आणायचा. हे मी फक्त बायकोला सांगितलं होतं. ती जाऊन वर्ष होत आलं. घरात बसवत नाही. सकाळी खाडीपर्यंत जातो, येतो, पाणी पितो, परत निघतो. हे लिहितानाही दोनदा उठलो.

सुखदेव ऐवळे सांगलीकडचा. नाईक. क्लॅरिनेट वाजवायचा. बाप गावात सनई वाजवणारा, त्याच्याकडूनच फुंकायला शिकला. एकदा ऐकलं की धून त्याची झाली. साहेब नवीन मार्च एकदा वाजवून दाखवायचे. सुखदेव ऐकायचा, डोळे मिटून. मग बॅरेकमध्ये तो तोंडाने गाऊन दाखवायचा आणि आम्ही उचलायचो. माझी चेष्टा करायचा.

"आगऱ्या, तुझी कॉर्नेट अजून हळदीच्या मांडवातच बसलीय."

मी म्हणायचो, तुझी क्लॅरिनेट तरी कुठं वरातीच्या घोड्यावरून उतरलीय.

आमची एक सवय होती. धुनेत मध्येच सगळे थांबतात आणि परत एकत्र सुरू करतात, अशा जागा असतात. वाचणारा माणूस तिथे मनात मोजतो. आम्हाला मोजणं माहीत नव्हतं. सुखदेव श्वास घ्यायचा तेव्हा त्याचा डावा खांदा वर जायचा. खांदा वर गेला की आम्ही घुसायचो. अख्खा बँड. बघणाऱ्याला वाटायचं काय कडक टायमिंग आहे.

जॉन साहेबांनी हे ओळखलं. केरळचे होते, शिस्तीचे, पण आवाज चढवायचे नाहीत. एक दिवस प्रॅक्टिस थांबवून म्हणाले, "तुम लोग मेरा हाथ नहीं देखता. सुखदेव को देखता है. कल ये छुट्टी गया तो बँड किधर जाएगा?"

सुखदेव सावधान झाला आणि म्हणाला, "मेरी छुट्टी कॅन्सल कर दो साहब."

सगळे हसले. साहेबपण हसले. पण दुसऱ्या दिवशी फळा आला, त्यावर सूर लिहायच्या पाच रेघा. ऑर्डर निघाली. हिवाळा संपला की वाचायची टेस्ट. नापास होईल तो रायफल कंपनीत परत. साहेबांचं चुकत नव्हतं, हे मी आज सांगतो. माणसाच्या आत असलेलं माणसाबरोबर जातं, एवढंच ते म्हणत होते.

सुखदेव घाबरला. गोळीला न घाबरणारा माणूस फळ्याला घाबरला. रोज संध्याकाळी फळ्यासमोर बसायचा. मला म्हणायचा, "ही बेडकाची पिल्लं दिसत्यात रं. ह्यात सूर कुठं हाय?" क्लॅरिनेट काढून घेतली तर काय करायचं, हेच त्याच्या डोक्यात. जेवणात लक्ष नाही. तो असा झाला की आम्ही पण अस्वस्थ.

टेस्ट झालीच नाही. त्याआधी वरच्या पोस्टवर शेलिंग सुरू झालं. वाद्यं पेटीत गेली. आम्ही स्ट्रेचर घेऊन मधल्या बेसला बसलो. तीन दिवस नुसता आवाज. चौथ्या दिवशी दुपारी वायरलेसवर आलं.

"दोन कॅज्युअल्टी. एक चालू शकत नाही. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

"स्ट्रेचर निघतंय. आउट."

आम्ही चौघं निघालो. पुढे सुखदेव आणि मारुती, मागे मी आणि शिंदे. वर जाताना काही झालं नाही. एका जवानाचा हात गेला होता, तो स्वतः चालत उतरला. दुसऱ्याच्या मांडीत शेलचा तुकडा. त्याला स्ट्रेचरवर बांधलं आणि उतरायला लागलो. उतारावर चौघांचं पाऊल एक नसेल तर स्ट्रेचर हलतं, जखमी ओरडतो. सुखदेवने तोंडाने धून धरली. स्लो मार्च. आम्ही त्यावर पाय टाकत होतो. जखमी गप्प झाला.

नाल्याच्या वळणावर शेल पडला, आमच्या वर, दगडात. धून बंद झाली. सुखदेव गुडघ्यावर बसला, पण दांडा सोडला नाही. स्ट्रेचर जमिनीला टेकलं तेव्हाच त्याने हात काढला. मानेत लागलं होतं. मी दाबून धरलं. त्याला बोलता आलं नाही. फार वेळ लागला नाही.

जखमीला आम्ही तिघांनी खाली आणलं. तो जगला. मग परत जाऊन सुखदेवला आणलं.

शेलिंग थांबल्यावर बटालियनची शोकपरेड झाली. त्या कारवाईत गेलेल्या सगळ्यांसाठी. बँड उभा राहिला. रिवाजाप्रमाणे सुखदेवची जागा रिकामी ठेवली, पहिल्या रांगेत. जॉन साहेबांनी हात उचलला. आम्ही धीमी धून सुरू केली. बरोबर चालली होती. मग ती थांबायची जागा आली. आम्ही थांबलो. साहेबांचा हात खाली आला.

कोणीच वाजवलं नाही.

साहेबांचा हात आम्ही बघितलाच नव्हता. सगळ्यांची नजर त्या रिकाम्या जागेवर. खांदा वर जायची वाट बघत होतो. मीपण. ओठावर कॉर्नेट, छातीत हवा भरलेली, आणि सोडता येईना. झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती, तेवढाच आवाज. अख्खी बटालियन उभी.

साहेबांनी आमच्याकडे बघितलं, मग त्या जागेकडे. त्यांनी तोंडाने सूर धरला. मोठ्याने, सुखदेव बॅरेकमध्ये धरायचा तसा. तेव्हा आम्ही घुसलो.

परेडनंतर सीओ साहेब म्हणाले, मध्ये शांतता ठेवलीत ते फार चांगलं केलंत. जॉन साहेब "येस सर" म्हणाले, बस. टेस्टचं नाव परत काढलं नाही. फळा मात्र राहिला. मी पुढे थोडं वाचायला शिकलो, मोडकंतोडकं.

पुढच्या सुट्टीत मी सुखदेवचं सामान घेऊन त्याच्या गावी गेलो. बाप ओट्यावर बसला होता. वाळका, ताठ. चहा झाला. कसा गेला, हे त्याने विचारलं नाही. शेवटी काय वाजवत होता, ते विचारलं. मी म्हणालो, वाजवत नव्हता आबा, गात होता. स्ट्रेचरवरच्या माणसासाठी.

"कसं?"

मी गाऊन दाखवलं. सुखदेव घ्यायचा तशी धून, त्याच्या हरकतीसकट. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. मधल्या एका जागेवर त्याने हात वर केला.

"हितं चुकतोय त्यो. ल्हानपणापास्नं चुकतोय. कितीदा सांगितलं."

मी गाणं थांबवलं.

"पुन्ना म्हन."

मी म्हटलं. त्या जागेवर आलो की तो मान हलवायचा, चुकलं म्हणायचा, पण बरोबर कसं ते काही सांगायचा नाही. नुसतं, पुन्ना. सून, सुखदेवची बायको, दारात आली. चूल सोडून तिथेच उभी राहिली.

माझा घसा बसला. म्हटलं, आबा, पाणी घेतो. त्याने तांब्या पुढे केला, मी प्यायलो, त्याने तांब्या परत घेतला.

"म्हन," म्हणाला. "चूक हाय तशीच ठेव."