जासईचा संघ आणि माझं न दिलेलं मत

पनवेलला मुद्दाम कोणी जात नाही, सगळे पनवेलवरून जातात. गोव्याला जाताना, गणपतीला कोकणात उतरताना, मुंबईहून पुण्याला येताना. मीही आयुष्यभर तेच केलं. या डिसेंबरात मात्र कोल्हापूरहून मुद्दाम पनवेलला गेलो, तीन दिवस राहिलो, आणि परत आल्यापासून बायको विचारते आहे की तुमचं तोंड असं का झालंय. तिला अजून नीट सांगितलेलं नाही. इथेच लिहितो, म्हणजे तीही वाचेल.

नेहमीच्या वाचकांना माहीत आहे की मी बत्तीस वर्षं फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी वाजवली. निवृत्त झालो तरी ‘बाहेरचा, निःपक्ष माणूस’ म्हणून अधूनमधून बोलावणं येतं. या वेळी पनवेलहून देशमुख सरांचा फोन आला. ते निवृत्त प्राचार्य, तिथल्या आंतरमहाविद्यालयीन मुलींच्या स्पर्धेचे अध्यक्ष. साखळी सामने झाले होते, चार संघ उरले होते, आणि मैदान संस्थेने कसल्याशा प्रदर्शनाला देऊन टाकलं होतं. सामन्यासाठी एकच दिवस शिल्लक होता. म्हणजे उपांत्य सामने रद्द. चारातले दोन संघ तीन माणसांच्या समितीने टेबलावर निवडायचे आणि त्यांनी थेट अंतिम सामना खेळायचा.

खरं तर तेव्हाच फोन ठेवायला हवा होता. जे काम नव्वद मिनिटांत अकरा-अकरा मुली करतात, ते आम्ही तीन म्हाताऱ्यांनी चहा-बिस्किटांवर करायचं! पण मान दिला की मी भुलतो. हो म्हणालो आणि वर दोन अटीही घातल्या. एक, चारही संघ डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी मत देणार नाही. दोन, मत समोर बसून द्यायचं, फोनवर कोणाचंही चालणार नाही. देशमुख सरांनी दोन्ही अटी वहीत उतरवून घेतल्या.

सकाळी सहाची एसटी. पासष्टी उलटल्यामुळे मी अर्ध्या तिकिटाचा मानकरी, त्यामुळे प्रवास स्वस्तात पडतो. कराडच्या पुढे गाडी थांबते तिथले पोहे खाऊ नका, चहा चालेल. डाव्या बाजूची खिडकी धरा. दुपारी दोनच्या सुमाराला द्रुतगती मार्ग संपतो तिथे, कळंबोलीला, वाहक ओरडतो आणि अर्धी गाडी रिकामी होते. पनवेल स्थानकाजवळ हजार रुपयांत स्वच्छ खोली मिळाली. गरम पाणी सकाळी आठपर्यंतच.

पहिला संघ कळंबोलीचाच होता, म्हणून सामान टाकून लगेच मागे फिरलो. लोखंड बाजारातून चालत गेलो तर बुटांचा रंग बदलतो. दोन्ही बाजूंना ट्रक, सळयांचे भारे, आणि त्यामागे त्यांचं सरावाचं मैदान. गोलरक्षक मुलगी दर पाच मिनिटांनी तोंडातली धूळ थुंकत होती. संघ मात्र जबरदस्त, दणकट आणि शिस्तीचा. कडेच्या टपरीवर दोन ट्रेलरवाले चहा पीत बघत होते.

“अकरा गोल मारले हो पोरींनी परवाच्या म्याचला!”

“समोर किती होत्या? नऊ. दोघी आल्याच नव्हत्या.”

“तरी अकरा म्हणजे अकरा.”

त्यांचं भांडण ऐकून हसू आलं, पण संध्याकाळी आमच्या समितीतही नेमकं हेच झालं. तिसऱ्या सदस्य नाईक मॅडम, अलिबागच्या क्रीडाशिक्षिका, बोलायला सडेतोड. कळंबोलीबद्दल तिघांचंही एकमत होतं. नऊ मुलींना अकरा गोल ही काही मर्दुमकी नव्हे, पण त्यांनी चारातल्या कोन गावच्या चांगल्या संघालाही हरवलं होतं. प्रश्न दुसऱ्या जागेचा होता. पनवेलच्या महाविद्यालयाचा संघ तीन सामने, तीन विजय. जासईच्या महाविद्यालयाचा संघ दोन विजय, एक हार. कागदावर प्रश्न मिटला होता.

“मिटला कुठे?” नाईक मॅडम म्हणाल्या. “पनवेलचा तिसरा विजय जासईविरुद्धचा आहे, आणि तो सामना झालेलाच नाही. जासईच्या मुली एकोणीस मिनिटं उशिरा पोचल्या म्हणून पनवेलला बहाल केला. ज्यांच्याशी खेळलाच नाहीत, त्यांच्यावर जिंकलात कसे?”

“अहो, पण अपराजित संघाला बाहेर ठेवायचं आणि हरलेल्याला आत घ्यायचं, तर उद्या त्या मुलींना मी काय उत्तर देऊ?” देशमुख सर म्हणाले.

“हरलेला म्हणू नका. न खेळलेला म्हणा.”

मी गप्प बसलो होतो. त्याला कारण होतं. दोन आठवड्यांपूर्वी जासईच्या संघाने त्या निर्णयाविरुद्ध अर्ज केला, तेव्हा देशमुख सरांनी जाणकार म्हणून मलाच फोनवर विचारलं होतं. मी कोल्हापुरातून, झोपाळ्यावर बसून सांगितलं होतं, “नियम पंधरा मिनिटांचा आहे ना? मग पंधरा म्हणजे पंधरा. वाहतूक रोजचीच असते. लवकर निघायचं.” अर्ज फेटाळला गेला.

एवढं मात्र त्या बैठकीतच स्पष्ट झालं की एक मत पनवेलला, एक जासईला आणि ठरवणार मी. उद्या चार वाजता निकाल.

दुसऱ्या दिवशी सात वाजता शेअर रिक्षाने कोनला. द्रुतगती मार्गाच्या कडेचं हे गाव आता इमारतींनी वेढलंय, पण सकाळी हवा छान असते. कोनचा संघ मेहनती, पण पुढच्या फळीत कोणी नाही. साडेनऊला पनवेलचा संघ बघितला. नीटनेटका, चांगले बूट, चांगला प्रशिक्षक, चेंडू नुसता इकडून तिकडे. वाईट नव्हता. वाईट असता तर पुढचं लिहायला सोपं गेलं असतं.

मग बसने जासईला. जाताना पाऊण तास लागला. त्यांचं मैदान कंटेनर यार्डाच्या भिंतीला लागून आहे. भिंतीपलीकडे निळे, तांबडे, गंजके डबे एकावर एक रचलेले. चेंडू पलीकडे गेला की तिथला रखवालदार परत फेकतो, आणि तो येईपर्यंत मुली पाणी पितात. कर्णधार प्राची, उरणकडच्या कोळ्यांची, शेवटच्या वर्षाला. आवाज असा की पंचाला शिट्टीची गरज नाही. आणि डाव्या बगलेला सुनीता.

सुनीताबद्दल काय लिहू? डोंगराकडेच्या वाडीवरची कातकरी मुलगी, अंगाने काडी. चेंडू पायाशी आला की ती खाली बघतच नाही. समोरचीच्या कमरेकडे बघते आणि कमर वळली की उलट बाजूने जाते. हे शिकवता येत नाही. बत्तीस वर्षांत असे खेळाडू मी तीन-चारच बघितले. अर्ध्या तासात माझं मत ठरलं आणि मी चष्मा पुसायला खाली बसलो.

प्राची जवळ आली. “सर, त्या दिशी नऊच्या म्याचला आमी सातला निगालेलो. शेवटचे दोन किलोमीटर बूट हातात घेऊन धावत आलो. तुमाला कुनी सांगितला का हे?”

“नाही,” मी म्हणालो. अर्जात ते असणार. मी अर्ज मागवलाच नव्हता.

“माझं सोडा. माझं हे शेवटचं वर्ष हाय. पन विद्यापीठाच्या टीमसाठी बघनारे लोक फक्त फायनलला येनार. त्यांनी सुनीताला एकदा बघायला पायजे. तिच्या घरचे दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेले. ती या म्याचींसाठी मागं रायली. नाय झालं तर ती पन जानार, मग कॉलेज बिलेज काय नाय.”

मी नुसती मान हलवली. मत आधी फोडायचं नसतं.

प्राचीच्या आईने डबा पाठवला होता, तांदळाच्या भाकऱ्या आणि वाकट्यांचं, म्हणजे सुक्या मासळीचं, कालवण. वासाने भूक चाळवली. पण ज्या संघाबद्दल निर्णय द्यायचा, त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा माझा जुना नियम. माझी बाटली दाखवून नको म्हणालो. प्राचीने डब्याचं झाकण परत लावलं. तिचा चेहरा मी बघितला आणि नियम पाळल्याचं समाधान मानलं. असा मी!

अडीचला बसमध्ये बसलो. चारला दीड तास होता. पावणेतीनला बस थांबली ती थांबलीच. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, बाजूला उलट्या दिशेने घुसलेले ट्रेलर. सव्वातीनला चालकाने इंजिन बंद केलं आणि खाली उतरून तंबाखू मळायला लागला. तेव्हा खिडकीवर टकटक झाली. प्राची, स्कूटरवर. निकाल ऐकायला पनवेलला निघाली होती.

“सर, उतरा खाली. बसा मागं. गावातून आतला रस्ता हाय, पावून तासात पोचवते. हे सहाशिवाय सुटनार नाय.”

मी उतरलो असतो. खरंच पाय उचलला होता. मग डोळ्यांसमोर आलं की समितीच्या दारात मी जासईच्या कर्णधाराच्या मागे बसून येतोय, हातात पिशवी. देशमुख सर काय म्हणतील? पनवेलचे प्रशिक्षक काय म्हणतील? उद्या जासई अंतिम सामन्यात गेला, तर म्हणतील की म्हातारा त्यांच्या गाडीवरून आला होता. आणि त्या मुलींच्या खऱ्या हक्काला कायमचा डाग.

“नको. ते बरं दिसणार नाही. तू जा,” मी म्हणालो.

“कुनाला बरं नाय दिसनार?”

मी पिशवी परत मांडीवर घेतली. तिने स्कूटर गावाच्या रस्त्याकडे वळवली.

पावणेचारला देशमुख सरांना फोन लावला. अडकलोय म्हणालो, आणि लाज सोडून हेही म्हणालो की माझं मत आत्ताच घ्या. ते शांतपणे म्हणाले, “सर, फोनवर चालणार नाही, हे तुम्हीच लिहून घ्यायला लावलंत. या तुम्ही. थांबतो.” मग मी उतरून चालत सुटलो. गुडघा दुखेपर्यंत चाललो, कोंडी संपली तिथे रिक्षा मिळाली, आणि समितीच्या खोलीत पाऊल टाकलं तेव्हा चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

कागदावर सह्या होऊन शाई वाळली होती. कळंबोली आणि पनवेल. एक मत जासईला, एक पनवेलला, समसमान, म्हणून अध्यक्षांचं निर्णायक मत.

“पंधरा मिनिटं थांबलो, सर,” देशमुख सर म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. माणूस प्रामाणिक आहे. “त्यापुढे थांबलो असतो, तर जासईच्या मुलींनी विचारलं असतं की आमच्यासाठी का नाही थांबलात.”

नाईक मॅडम माझ्याकडे बघतही नव्हत्या. मी खुर्चीत बसून राहिलो, आणि कोणीतरी चहा आणून ठेवला. बाहेर व्हरांड्यात प्राची भिंतीला टेकून उभी होती. ती चारच्या आत पोचली होती.

तिसऱ्या दिवशी परत यायला हवं होतं, पण पाय निघेना. अंतिम सामना बघितला. कळंबोली दोन, पनवेल शून्य. निवड करणारे सावलीत बसून वहीत लिहीत होते. डाव्या बगलेकडून कोणी काही करत नव्हतं आणि माझी नजर सारखी तिकडेच जात होती.

मध्यंतराला प्राची शेजारी येऊन बसली. मी सुनीताचं विचारलं.

“सकाळीच भट्टीवाल्याचा टेंपो येऊन घेऊन गेला. बूट माझ्याकडं ठेवून गेली. म्हनली, तिथं काय करू.”

थोड्या वेळाने तिने विचारलं, “सर, तुमी आमाला घेतला असता?”

खोटं बोलणं सोपं होतं. तिला हलकं वाटलं असतं आणि मलाही. “हो,” मी म्हणालो. “तुम्हालाच.”

तिने पिशवीतून डबा काढला, झाकण उघडून माझ्यासमोर धरला. “आता तर खाल ना? आता तुमच्या हातात काय नाय.”

मी खाल्लं. अर्धी भाकरी कशीबशी गिळली. कालवण फार चांगलं होतं.

घरी येऊन आठ दिवस झाले. कपाटात बत्तीस वर्षांची नियमांची पुस्तकं आहेत, त्यांना हात लावावासा वाटत नाही. देशमुख सरांना पत्र लिहिलं, विद्यापीठालाही लिहिलं, सुनीताचं नाव आणि तिचा खेळ दोन पानं वर्णन करून. विद्यापीठाचं उत्तर आलं की निवड अंतिम सामन्यातूनच होते, नियम आहे. नियम मला कोण सांगतंय! भट्टी कुठे आहे, ते प्राचीलाही नक्की माहीत नाही.

तुमच्यापैकी कोणी तिकडे जाणार असेल, तर उपयोगाचं सांगतो. पनवेलची खोली स्थानकाच्या पूर्वेला घ्या, स्वस्त पडते. कळंबोलीला जुने बूट घाला. जासईहून पनवेल कागदावर पाऊण तास आहे, तुम्ही तीन तास धरा. आणि वाटेत अडकलात, कोणी स्कूटर थांबवून मागे बसा म्हणालं, तर कसं दिसेल याचा विचार करू नका. बसा.