पहिल्या हाकेला ओ

कोलशेतच्या खाडीत दामाजी कोळ्याची होडी माणसांची ने-आण करायची. पलीकडून कोणी हाक मारली, तर दोन हाका दामाजी बिडी ओढत नुसता ऐकायचा, तिसरीला उठायचा. खाडीत बुडालेले दोनदाच हाक मारतात, तिसरी जिवंत माणसालाच जमते, अशी काठावरची समजूत. त्यामुळे तलाठ्यालाही आपण जिवंत असल्याचं तीनदा ओरडून पटवावं लागे.

नव्वदच्या सुमारास एका कंपनीने तिथे बॅटरीवरची लाँच आणली. धूर नाही, आवाज नाही. गाळातली वाट दामाजीलाच ठाऊक, म्हणून सुकाणूवर तोच. त्याला टोपीही मिळाली. ती घालून तो नाटकातल्या हवालदारासारखा दिसे. नियम एकच कडक: मासळीची टोपली चालणार नाही, खारं पाणी बॅटरीत गळतं.

"मंग मंजुळेनं मासली पदरात बांधाची काय?" दामाजीने विचारलं.

"त्यांची सोय पुढच्या टप्प्यात," कंपनीचे साहेब म्हणाले.

मंजुळा त्याची शेजारीण, पलीकडच्या गावांत मासळी विकणारी. सकाळी कोणाच्या तरी मचव्यातून जाई. संध्याकाळी दामाजी तिची टोपली आपल्या बाकाखाली लपवून तिला आणी. सगळी लाँच नाकाला रुमाल लावी, आणि मंजुळा साळसूदपणे म्हणे, "कसला वास येतोय गो?"

एकदा पाहणीला साहेब स्वतः लाँचमध्ये बसले. पलीकडून सुटायची वेळ झाली, तोच दुरून मंजुळेची हाक आली. मग दुसरी. दामाजी तिसरीची वाट बघत राहिला. साहेबांनी घड्याळ बघितलं. "चला."

तिसरी आलीच नाही, लाँच सुटली. साहेबांचा पांढरा शर्ट तिला दिसला असणार. ओहोटी होती, ती गाळातून चालत निघाली. दुसऱ्या दिवशी टोपली तेवढी सापडली.

पुढे लाँचला आवाज नसल्याने दामाजीला सगळंच ऐकू येऊ लागलं. भर खाडीत तो लाँच वळवायचा. लोक चिडत, "अरे, कोणी नाय तिथं." कंपनीने त्याला काढलं. मग खाऱ्या हवेने बॅटऱ्याही गेल्या, आणि कंपनीही.

दामाजी पुन्हा आपल्या होडीवर आला. परवा तिन्हीसांजेला मी पलीकडून त्याच्या होडीत बसलो. काठावर चिटपाखरू नव्हतं. तो एकदम म्हणाला, "आयलो गो," आणि होडी परत काठाला लावली. पुढची बाजू जराशी दबली.

"मास्तर, सरका थोडं. टोपली ठेवाची हाय."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. मी सरकलो.