पडद्यावर दिसलेलं माझं अंतरंग

साठीनंतर माझी लघवी अडखळू लागली होती. शेजारच्या आळे गावात एका लग्नात ती पार बंद झाली आणि ओटीपोट दगडासारखं झालं. मुलानं तसंच जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नळी घालून मोकळं केलं आणि म्हणाले, "प्रोस्टेट वाढलंय. दुर्बिणीतून काढावं लागेल."

ऑपरेशनच्या दिवशी कमरेत इंजेक्शन दिलं. पाय असून नसल्यासारखे झाले, पण मी जागा होतो. बाजूला टीव्ही होता.

"बाबा, आतलं बघायचंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"दावा की."

पडद्यावर ओलं, गुलाबी भुयार दिसलं. दोन्ही बाजूंचं मांस फुगून मध्ये नुसती फट उरली होती. डॉक्टर बारीक तारेनं ते कातरत होते आणि वाट उघडत होती.

"ह्ये माझ्याच आत हाय?"

"तुमच्याच."

जन्मभर आमच्या गावची, पिंपरी पेंढारची जमीन उकरली, विहिरी खणल्या. स्वतःच्या आत एवढं काही असेल असं कधी मनात आलं नव्हतं. देवळात देव बघावा तसा मी पडल्या पडल्या बघत राहिलो.

ऑपरेशननंतर लावलेली नळी निघाली त्या सकाळी पहिल्यांदा सरळ धार लागली. बायको संडासाच्या दाराबाहेर उभी होती.

"झाली का वो?"

मी एका हातानं भिंत धरून धारेकडं बघत होतो.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "आलं ऐकू."