दारावरच्या कोरफडीचं पान

कोरफडीचा गर कसा लावायचा, हे माझ्या दुकानात येणारी प्रत्येक बाई विचारते. मी सांगते, पान कापलं की आधी घटकाभर तिरपं उभं करून ठेवायचं. पिवळा चीक सगळा गळू द्यायचा, तो अंगाला खाजतो. मग साल काढून आतला काचेसारखा गर तेवढा घ्यायचा. उन्हानं पोळलेली, कोरडी पडून ताणलेली कातडी त्यानं निवते, मऊ पडते. खोल जखमेत मात्र तो भरायचा नाही. हे मी कुठल्या वैद्याकडे शिकले नाही. दुष्काळात शिकले, आणि त्यासाठी घासाघीस करावी लागली.

आमचं गाव चाकूरकडचं. वडील कामाला हैदराबादकडे गेलेले. माय आणि मी सरकारी कामावर खडी फोडायचो. ऊन, दगडाची धूळ, हात धुवायलाही पाणी नाही. मायचे तळहात कोरडे पडून तडकले. करडई पिकली नव्हती, तेल भाजीला मिळेना तिथं हाताला कुठून लावणार? हातोडा धरला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मुकादम म्हणाला, "बाई, ढीग भरत न्हाई तुझा. असंच चाललं तर हजेरीतून नाव काढतो." तिचं नाव गेलं असतं तर आमची एक वेळची चूल गेली असती.

वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोला मी मोठीमाय म्हणायचे. तिच्या दारावर कोरफड होती. नजर लागू नये म्हणून आमच्याकडे ती मुळासकट उपटून चौकटीला उलटी बांधतात. माती नाही, पाणी नाही, तरी ती हिरवी राहते. इतरांच्या दारावरच्या लहान कोरफडी सुकून गेल्या होत्या. मोठीमायची मनगटाएवढ्या पानांची होती.

"दाराची राखण हाय ती," मोठीमाय म्हणाली. "तोडायची नसते."

"सबंध कुठं मागून राहिले? रोज एक पान दे. खालचं."

"आन् घराला काय झालं म्हंजे?"

"घराला रोज दोन घागरी पाणी येईल. नदीतल्या झऱ्यावरून मी आणते. तुझ्या सुनेला जावं लागणार न्हाई."

"तीन."

"दोन. आन् एक दिवसाआड तिसरी, तुझ्या बैलाला."

"लई चालू हायस गं," ती म्हणाली, पण विळा तिनंच आणून दिला.

पहिल्या दिवशी मी चीक न गाळताच गर लावला आणि माय खाजवून बेजार झाली. दुसऱ्या दिवसापासून शहाणी झाले. आठ पानं लागली. भेगा साफ भरल्या असं म्हणणार नाही, पण कातडी मऊ पडली, ताण गेला, हातोडा धरता येऊ लागला. नाव हजेरीत राहिलं.

पुढच्या महिन्यात मोठीमायचा बैल मेला. चारा कुठंच नव्हता, घरोघरी जनावरं मरत होती. तरी तिनं गल्लीत उभं राहून सगळ्यांना ऐकवलं, "माझ्या दाराची राखण हिनं हाताला फासली. हिच्या हातानंच बैल गेला."

तेव्हापासून भावकीतल्या लग्नात नवरीला हळद लावायला मायला कुणी पुढं बोलवेना. ती मांडवाच्या कडेला बसायची. मी पाणी वाहून पान आणलं होतं, फुकट नाही. तरी बोल मायला लागला.

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या आल्या, साहेबांच्या घरच्या बायका आल्या. टोपलीवर सुरुवात करून मी लातुरात दुकान उभं केलं: कोरफड, शिकेकाई, रिठे. माय आत बसून पानं सोलायची.

मोठीमायही लेकासोबत लातुरात राहायला आली होती. एका दुपारी ती दुकानात आली. पोटऱ्यांची कातडी खवल्यांसारखी कोरडी, खाजवून खाजवून ओरखडे पडलेले.

"घरचीला काय भाव लावशील?"

"घरच्यांचा भाव वेगळा हाय. माय आत बसलीय. तिला एवढंच म्हण, बैल चाऱ्यावाचून मेला."

"ते न्हाई म्हणायची मी."

"मग दुसरं दुकान बघ!" माझा आवाज इतका चढला की गिऱ्हाईक बायका मागं सरकल्या.

माय ताटलीत गर घेऊन बाहेर आली. पायरीवर बसली आणि मोठीमायचा पाय तिनं स्वतःच्या मांडीवर घेतला.

"अक्का, थंड लागून राहिलं का?"

"हाव."

"मग रोज येत जा. कढत पाण्यानं पाय धुऊ नको."

मोठीमाय गेल्यावर मी मायवर भडकले. "एक शब्द तरी घ्यायचा होता तिच्याकडनं!"

"आता हळदीला बोलावलं काय, न्हाई बोलावलं काय," माय म्हणाली. "तिचं ते खाजवणं मला बघवंना."

मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. मोठीमाय महिनाभर येत राहिली, तिचे पाय निवले. शब्द तिनं अखेरपर्यंत मागं घेतला नाही. तिच्या मातीला माय गेली. मी दुकान उघडं ठेवलं.